सतरा फायली आणि ‘कादंबरी’ नदी

नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर आहे. निफाड तालुक्यातलं पोर हे झोपेतही सांगेल. पण ऑक्टोबरच्या सबमिशनला पर्यावरणाच्या सरांच्या टेबलावर ज्या प्रकल्प-फायली आल्या, त्यांतल्या सतरा फायलींत लिहिलेलं होतं, ‘हे अभयारण्य गोदावरी व कादंबरी या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे.’ सतराही फायली हातानं लिहिलेल्या. कुणाची निळी शाई, कुणाची काळी, कुणी समासाला लाल रेघ मारलेली, कुणी पहिल्या पानावर बगळ्याचं चित्र चिकटवलेलं. अक्षरं सतरा प्रकारची, चूक एकच.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण त्याआधीचे तीन महिने आमचे विद्यार्थी स्वयंसेवक ‘अभ्यासात प्रामाणिक राहा’ असं सांगत महाविद्यालयभर फिरत होते आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. उपयोग व्हायला लागला तो या फायलींनंतर. कुणाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

नाशिकमध्ये दोन सरकारी विद्यापीठांची मुख्यालयं आहेत, मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून. पण आमच्यासारखी महाविद्यालयं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाला जोडलेली आहेत. आमची निम्मी मुलं शहरातली. बाकीची दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून सकाळच्या एसटीनं येतात, काही कळवण-सटाण्याची मुलं खोली करून राहतात. मी मराठी शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) काम बघते. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. वृक्षारोपण, रक्तदान, गोदाघाटाची स्वच्छता हे ठरलेलं. त्या वर्षी नऊ मुलामुलींनी स्वतःहून सुचवलं, की मॅडम, कॉपीवर काहीतरी करू. मला फार आनंद झाला. मी घाईनं हो म्हटलं.

पहिल्या तीन महिन्यांत आम्ही शपथ घेतली, पोस्टर लावले, फेरी काढली. दहावी-बारावीला कॉपीमुक्त अभियान आणि भरारी पथक बघून आलेल्या मुलांना या सगळ्याचा एकच अर्थ कळला. महिन्याभरात आमच्या गटाचं नाव ‘पथक’ पडलं. गटातला एक मुलगा मला म्हणाला, “मॅडम, आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो की पोरं मोबाईल पालथा घालतात. माझ्याच बाकावरचा मित्र माझ्यासमोर जर्नल काढत नाही.” प्रचार करायला निघालेल्या मुलांशी मुलं बोलेनाशी झाली होती. पोस्टरवर काय लिहायचं यात आम्ही जेवढा वेळ घातला, तेवढा एकाही मुलाशेजारी बसण्यात घातला नव्हता. ही चूक मुलांची नव्हे, माझी. कार्यक्रम अधिकारी मी होते.

त्या तीन महिन्यांत एकच काम बरं झालं. आम्ही नियम वाचले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्याचे विनियम आणले, ते गटानं दोन दुपारी बसून ओळीनं वाचले. त्यात दुसऱ्याच्या लेखनाशी असलेल्या साम्याचे टप्पे आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देताच येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगानं किंवा सर्वसामान्य माहितीमुळे जुळणारं वाक्य मोजणीतून वगळतात, हेही मुलांनी शोधून काढलं. पण खरी गोष्ट व्याख्येत होती. हे विनियम पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका यांना त्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. म्हणजे पदवीच्या मुलाच्या हातून वर्षभर जे लिहून होतं, त्यातलं काहीच त्यात बसत नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्राचा १९८२ चा कायदा आहे. फायलीसाठी काय? संशोधकांसाठी २०१९ पासून ‘शोधशुद्धी’तून साम्य तपासायची सोय आहे, पण हातानं लिहिलेली फाईल कुठल्या यंत्रात घालणार? तिथं नियम म्हणजे शिकवणाऱ्याची नजर.

आणि ती नजर कुठं होती, ते या प्रकरणात उघडं पडलं.

सरांनी वर्गात एका फायलीतलं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, ही नदी कुठून वाहत आली? वर्ग हसला, मग चिडीचूप झाला. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास माझ्या गटातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या वर्षाची. पोस्टरवरचं सगळं अक्षर तिचंच. आत ये म्हटलं तरी आत येईना. मग म्हणाली, “मॅडम, ती फाईल माझी आहे. मागच्या वर्षीची.”

तिनं तो प्रकल्प खरोखर केला होता. वडिलांच्या मोटरसायकलवर मागं बसून ती थंडीत पहाटे अभयारण्यापाशी, चापडगावला गेली होती. निरीक्षण मनोऱ्यावर उभं राहून मोबाईलमध्ये मराठी टाइप करत तिनं नोंदी घेतल्या. ‘कादवा’ लिहायला गेली तेव्हा कीबोर्डनं ‘कादंबरी’ सुचवलं आणि बोट त्यावर पडलं. रात्री उशिरा तिनं मोबाईलमध्ये बघून फाईल उतरवली, तेव्हाही ते लक्षात आलं नाही. या वर्षी वसतिगृहात तिच्या खोलीत राहणाऱ्या धाकट्या मुलीला तिनं त्या पानांचे फोटो दिले, “नुसतं बघून घे” म्हणून. त्या मुलीनं मैत्रिणीला दिले, मैत्रिणीनं व्हॉट्सॲपच्या गटात टाकले.

मी तिला विचारलं, का दिलेस? तिचं उत्तर मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं होतं. “तिच्या घरी छाटणी चालू होती, मॅडम.”

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडे द्राक्षबागेची फळछाटणी साधारण ऑक्टोबरमध्ये येते. छाटणी झाली की लगेच काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे बाग एकसारखी फुटते. त्यात दिवस मागं-पुढं करता येत नाही. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी दारात असते, त्यांचा चहा, भाकरी, हिशोब. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी त्या आठवड्यात कॉलेजला जात नाही, हे इथं कुणाला सांगावंही लागत नाही. आणि आमचं सबमिशन बरोबर त्याच आठवड्यात येतं. कित्येक वर्षं येतंय. स्टाफरूममधल्या अर्ध्या लोकांच्या स्वतःच्या बागा आहेत, तरी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी तिला म्हटलं, तुझं नाव मी सरांना सांगणार नाही. तिला वाचवायचा माझा हेतू होता, आणि तोही चुकला. ती म्हणाली, “मग पोस्टर काढून टाका.” आम्ही दोघी सरांकडे गेलो.

सरांनी कपाटातून मागच्या वर्षीचा गठ्ठा काढला. तिची फाईल मिळाली. तेच वाक्य, तीच नदी, आणि खाली सरांची सही, २० पैकी १८ गुण. सर बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मीपण वाचलं नव्हतं.” सर सचोटीचे आहेत, वर्गाची वेळ कधी चुकवत नाहीत. तीन तुकड्यांच्या फायली चार दिवसांत तपासून गुण भरायचे असतात. तरीही ते वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं, तर हे प्रकरण सतरा शून्यांवर मिटलं असतं आणि मी ते लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. सकाळपर्यंत सरांचंही मत सगळ्यांना शून्य द्यावं असंच होतं, ते आता डळमळलं होतं. उपप्राचार्यांना ताकीद देऊन विषय संपवायचा होता, कारण गुण कळवायची तारीख जवळ होती. ती अडचणही खोटी नव्हती. पण मला त्याहून अवघड गेली ती स्वयंसेवकांची बैठक. दोन तास चालली. एका मुलानं सरळ मागणी केली की तिला गटातून काढा, नाहीतर आपण कुठल्या तोंडानं बोलायचं. दुसरी म्हणाली, फाईल देणं हा गुन्हा असेल तर मीही दोनदा केलाय, मलाही काढा. मग हळूहळू एकेक बोलायला लागला. नऊपैकी सहा जणांनी कधी ना कधी आपलं जर्नल कुणाला तरी दिलं होतं किंवा कुणाचं तरी घेतलं होतं. शपथ घेताना हे कुणीच बोललं नव्हतं. खोटं वागायचं म्हणून नव्हे. जर्नल देणं-घेणं म्हणजे कॉपी, असं त्यांना वाटतच नव्हतं. कॉपी म्हणजे परीक्षेतली चिठ्ठी. फाईल म्हणजे मैत्री.

त्या मुलीला गटात ठेवलं. का, यावर अजूनही गटात एकमत नाही, आणि माझ्या मते ते नसलं तरी चालेल.

सरांनी जे केलं ते साधं होतं. सतरा जणांना एकेक करून बोलावून पाच मिनिटं गप्पा मारल्या. फाईल कुठून घेतली हे विचारलं नाही. तू कोणता पक्षी पाहिलास, एवढंच विचारलं. दोघी प्रत्यक्ष जाऊन आल्या होत्या. त्यांनी पक्षी पाहिले आणि मजकूर मात्र तयार घेतला. बाकीच्या पंधरा जणांनी अभयारण्य पाहिलंच नव्हतं. सगळ्यांना सहा आठवड्यांची मुदत मिळाली. विषय घरापासून चालत जाता येईल असा हवा. उशिराचे गुण थोडे कमी. आणि मदत हवी असेल तर वाचनालयातल्या मागच्या टेबलावर रोज चार ते सहा स्वयंसेवक बसतील.

त्या टेबलाचे नियम गटानंच ठरवले. दुसऱ्याच्या वहीत आपण लिहायचं नाही, पेन ज्याचं त्याच्या हातात. इथं जे बोललं जाईल ते शिक्षकांपर्यंत जाणार नाही. पोस्टर काढून टाकलेले होते. टेबलावर फक्त एक कागद चिकटवला होता, ‘अडलंय? बस.’

पहिले चार दिवस कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी सटाण्याकडचा एक मुलगा आला. मी मासिकांच्या रॅकमागं होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्याच्यासमोर पाठ्यपुस्तक उघडं होतं आणि तो एकेक वाक्य शब्द बदलून उतरवत होता. ‘प्रदूषणामुळे जलस्रोतांचा ऱ्हास होतो’ याचं ‘प्रदूषणाने जलसाठ्यांचा नाश होतो’. स्वयंसेवक मुलगी म्हणाली, दादा, हे तू स्वतःच्या शब्दांत लिही ना. तो कळवळून म्हणाला, “पहिलीपासून सगळे हेच सांगतात, स्वतःच्या शब्दांत लिहा. स्वतःच्या शब्दांत म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगतच नाही!”

तिनं पुस्तक मिटलं आणि स्वतःकडे ओढून घेतलं. मग विचारलं, तुमच्याकडे विहीर आहे? आहे. पाणी कधीपर्यंत पुरतं? तो सांगायला लागला. आधी प्रमाण मराठीत अडखळत, मग अर्ध्या वाक्यात अहिराणीत घसरला, मग पुन्हा सावरून मराठीत आला. आजोबांच्या वेळी विहीर किती परस होती, मग दोनदा खोल कशी केली, शेजाऱ्यानं बोअर घेतली त्या वर्षी पाणी होळीलाच कसं तळाला गेलं, आई आता कुठून आणते. दहा मिनिटं सलग बोलला. ती म्हणाली, हेच लिही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “असलं चालतं? हे तर आमचं घरचं बोलणं आहे.”

मी वीस वर्षं मराठी शिकवते आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचं मूळ माझ्याच तासांत आहे, हे मला तिथं रॅकमागं उभं असताना कळलं. निबंध तपासताना ‘बोलीतले शब्द टाळा’ म्हणून मी किती वेळा लाल रेघ मारली असेल! मूल्यांची कमतरता, आळस, मोबाईल ही कारणं आम्ही स्टाफरूममध्ये नेहमी देतो. आळशी मुलं आहेतही. पण त्या टेबलावर आलेल्या बहुतेक मुलांना उतरवून काढायचीही मेहनत पडत होती. वीस-वीस पानं कुणी आळसानं हातानं लिहीत नाही. आपल्याजवळ जे आहे ते कागदावर यायच्या लायकीचं नाही, असं ती धरून चालली होती. छापील वाक्य तेवढं खरं, असं त्यांना वाटतं. तिथं शपथ काय करणार? आणि शिक्षकासमोर जे कधीच तोंडातून आलं नसतं, ते एका वर्षानं मोठ्या ताईसमोर दहा मिनिटांत आलं. विद्यार्थी स्वयंसेवकाची गरज मला इथं दिसली. पहारा द्यायला त्यांची गरज नव्हतीच.

सतरापैकी चौदा जणांनी नवं लिहिलं. सगळंच चांगलं होतं असं नाही. काहींनी दीड पान लिहिलं, पण ते दीड पान त्यांचं होतं. दोघं पुन्हा आलेच नाहीत, त्यांना शून्य मिळालं. त्यांतल्या एकाचे वडील येऊन सरांशी फार कडक बोलून गेले. त्यांचं म्हणणं होतं, इतकी वर्षं सगळे हेच करतात, मग माझाच मुलगा का? या प्रश्नाला आमच्याकडे पटण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण त्यात तथ्य होतं.

सतरावा मुलगा वेगळाच. त्यानं छापील, सुरेख, विरामचिन्हांसकट शुद्ध अहवाल आणला. सोमेश्वरच्या धबधब्यावर. चॅटजीपीटी २०२२ च्या शेवटी आलं, तेव्हापासून असं लेखन ओळखायला आम्ही शिकतो आहोत, पण शपथेवर सांगता येत नाही. त्या मुलानं टेबलावर एका स्वयंसेवकाला हसत सांगितलं होतं की दोन मिनिटांत झालं. स्वयंसेवकानं आम्हाला सांगितलं नाही, टेबलाचा नियमच तसा. मला ते फार नंतर, वर्ष संपल्यावर कळलं. सरांनी तोंडी विचारलं तेव्हा मुलानं बऱ्यापैकी उत्तरं दिली आणि गुण घेऊन गेला. त्या स्वयंसेवकानं बोलायला हवं होतं का? पहिल्यांदा मला राग आला. मग मी विचार केला, की तो बोलला असता तर दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर कोण बसलं असतं. माझं मत आज तरी त्याच्या बाजूनं आहे. सरांचं नाही. आम्ही यावर अजून वाद घालतो.

वसतिगृहातल्या त्या धाकट्या मुलीनं, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं, द्राक्षबागेतल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांवर लिहिलं. त्यांच्या वस्तीवरच्या अकरा बागांत ती स्वतः फिरली. बाटली तीनदा धुऊन, भोक पाडून टाकायची असते, हे किती जणांना माहीत आहे आणि किती जण तसं करतात, हे तिनं विचारलं. चुलत्यांनी काय उत्तर दिलं तेही लिहिलं, आणि ते वाचून चुलते तिच्यावर रागावले हेही शेवटी लिहिलं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ झाली आहेत: ‘बाटल्या बांधावर पडतात आणि पाऊस झाला की ओढ्यात जातात. आमचा ओढा कादवा नदीला मिळतो.’

सत्तावीस फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात दर वर्षी आमच्याकडे कवितावाचन होतं. त्या वर्षी कवितांच्या आधी चार फायलींतली पानं वाचली. सटाण्याच्या मुलानं विहीर वाचली. मोठ्या मुलीनं, ज्या मुलीची मूळ फाईल होती तिनं, कुणी न सांगता माईक घेतला आणि ती नदीची चूक आपली आहे आणि फोटो आपण दिले होते, एवढं सांगून खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबर होतं.

आता प्रकल्पाचा विषय सर जूनमध्येच देतात. दर पंधरवड्याला अर्धं पान मागतात, तेही जागेवर जाऊन लिहिलेलं, आणि ते वाचतात. अंतिम फाईल छाटणी उरकल्यावर, नोव्हेंबरात. सगळ्या तुकड्यांना हे जमत नाही. इतर विषयांच्या सबमिशनला अजून तेच चालतं, आणि जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार फायली मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे.

टेबल चालू आहे. ती मुलगी पदवी घेऊन गेली, जाताना आपली जुनी फाईल तिथं ठेवून गेली. ‘कादंबरी’वर लाल काट मारून वर ‘कादवा’ लिहिलंय. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, की ही इथं बसून वाचा, फोटो काढू नका, आणि चापडगावला जायचं असेल तर पहाटे निघा, थंडीत पक्षी जास्त दिसतात.